हिरवे जावई

"तिला सांग, बल्ब बाळाच्या थेट डोळ्यांवर येतोय."

अण्णा उंबऱ्याबाहेर उभे होते. मी उंबऱ्याच्या आत, बाजेवर. मधे आई, हातात अळिवाच्या खिरीची वाटी घेऊन.

"ती काही बहिरी नाही," आई म्हणाली. "तुम्हीच सांगा."

"सोयर आहे."

"सोयर फिटून युगं लोटली! पोरगी दवाखान्यात पेटीत होती तेव्हाच फिटलं ते."

अण्णांनी खुंटीवरच्या टॉवेलकडे पाहिलं आणि पुढचं सगळं त्या टॉवेललाच सांगितलं. "साठचा बल्ब आहे. खाली घेतला तर भाजेल, वर नेला तर ऊब पोचणार नाही. शिवाय दिवसरात्र उजेड. झोपणार कशी ती?"

एवढं बोलून ते गेले. आई माझ्याकडे वळली. "ऐकलंस ना? की मी पुन्हा सांगू?"

आम्ही दोघी हसलो. हसता हसता माझे डोळे भरून आले, ते मी बाळाच्या दुपट्यात लपवले.

मी मनमाडच्या दिगंबर साळवेशी कोर्टात लग्न केलं, तेव्हा अण्णा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, राग कधीतरी निवतो. त्यांनी बोलणंच काढून घेतलं. साखर कारखान्यात त्यांची नोकरी उष्णतेची होती. कोणत्या कढईत रस किती तापलाय, कुठे वाफ जास्त झालीय, हे काट्यांवर बघायचं आणि सांभाळायचं. त्यांच्या हातून कधी काही करपलं नाही, असं सगळे सांगायचे. तोच माणूस माझ्याशी असा थंड झाला की आईनं बाळंतपणासाठी मला माहेरी आणलं, ते त्यांना न विचारता. ते नाही म्हणाले नाहीत. हो पण म्हणाले नाहीत.

दिगंबर रविवारी यायचा. आई त्याला ओट्यावर चहा द्यायची. आत या म्हणायचा अधिकार तिच्याकडे नव्हता. बाळ दुपट्यात गुंडाळून ती ओट्यावर न्यायची, तो दोन बोटांनी लेकीची मूठ धरायचा आणि परत जायचा. तेवढा वेळ अण्णा दाराकडे पाठ करून बेडकांची पेटी पुसत बसायचे.

हो, बेडकांची पेटी. मी घर सोडलं आणि काही महिन्यांत अण्णा निवृत्त झाले. नाशिकच्या एका रंगीत माशांच्या दुकानातून त्यांनी ते बेडूक आणले. ऑस्ट्रेलियातले, झाडावर राहणारे. पोपटी रंगाचे, गुबगुबीत, बोटांच्या टोकांना गोल गाद्या, आणि तोंडाची ठेवण अशी की आत्ताच जेवून उठलेत आणि जेवण पसंत पडलंय. माजघरात त्यांची उभी काचेची पेटी होती. आत फांद्या, नारळाचा ओला काथ्या, एका बाजूला ऊब, दुसऱ्या बाजूला गारवा. दिवसा थोडा वेळ एक पांढरी नळी जळायची, तिच्या उजेडानं म्हणे हाडं धरतात. नळाचं पाणी माठात उघडं ठेवून, त्याचा औषधी वास उडाल्यावर त्यांना मिळायचं. जेवायला नाकतोडे आणि झुरळं. ती झुरळं अण्णा एका डब्यात वाढवायचे.

"सगळं गाव झुरळं मारतं," आई म्हणायची, "आमच्याकडे त्यांना गाजर किसून घालतात." आणि अण्णा जवळपास असले की आवाज चढवून, "खऱ्या जावयाला उंबरा दिसत नाही, आणि हे हिरवे जावई बघा! दिव्याखाली शेकत बसलेत!"

अण्णा काही बोलायचे नाहीत. पण थोरले जावई आणि धाकटे जावई हीच नावं मग घरात रूढ झाली. एकदा अण्णांच्याच तोंडून मी ऐकलं, "थोरला आज जेवला नाही."

माझी मुलगी वेळेआधी आली होती. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वजन वाढेपर्यंत हिला ऊब तुटू देऊ नका. आणि निफाडची थंडी तर काय, सकाळी अंगणातल्या बादलीत हात घातला तर कुणी चावल्यासारखं वाटायचं. म्हणून पाळण्यावर तो बल्ब टांगला होता. पोर त्या उजेडात कूस बदलायची, कुरकुरायची, दूध ओढता ओढता दमून जायची. वजनकाट्यावर घातली की आई काट्याकडे बघायची आणि मी आईच्या तोंडाकडे.

टॉवेलशी बोलणं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा पुन्हा उंबऱ्यापाशी आले. हातात चिनीमातीचा एक गोळा, दिव्यासारखा पेचाचा, तारांच्या जाळीत बसवलेला. त्यातून लोंबणारी एक वायर आणि काट्याची छोटी डबी.

"हा बल्बच्या जागी लाव," ते आईला म्हणाले. "उजेड देत नाही. नुसती ऊब देतो."

"बेडकांचा काढलात?"

"हं."

"मग त्यांचं काय?"

"ते बघीन मी. तू स्टुलावर चढ."

आई स्टुलावर चढली. अण्णा बाहेरून सांगू लागले.

"डावीकडे फिरव. डावीकडे गं. तुझ्या डावीकडे."

"माझी डावी हीच आहे. लग्न झाल्यापासून हीच आहे."

"बरं, मग उजवीकडे. आता ती वायर खाली सोड. टोक बाळाच्या कुशीजवळ, अंगाला नको. डबीवर किती दिसतंय?"

"मला चष्मा लागतो."

डबी माझ्या हाताशी होती. मी म्हणाले, "चोवीस."

मी आकडा हवेत सांगितला होता, कुणाला उद्देशून नाही. त्यांनीही तो हवेतूनच घेतला. "डॉक्टरीणबाईंनी खोली किती ठेवायला सांगितलीय?"

"तीस म्हणाल्या होत्या," मी छताला सांगितलं.

"मग काटा तिसावर. आपोआप बंद होईल, आपोआप लागेल." आणि जाता जाता आईला, "बेडूक तापला की सरकून गार बाजूला जातो. बाळाला सरकता येत नाही. तिला सांग, अधूनमधून मानेला हात लावून बघत जा."

त्या रात्री खोलीत पहिल्यांदा अंधार झाला, आणि त्या उबदार अंधारात माझी लेक झोपली. पोटभर प्यायली, पुन्हा झोपली. माजघरातली पेटी मला बाजेवरून दिसत होती. तिच्यात आता साधा पिवळा बल्ब लागला होता. अण्णा त्याला कधी कापड लावत होते, कधी काढत होते. दोन्ही जावई पानामागे तोंड लपवून बसले होते.

काही दिवस बरे गेले. मग एका सकाळी असं वारं सुटलं की रस्त्यावरचा खांब ठिणग्या टाकून गप्प झाला. वायरमन म्हणाला, आज दिवसभर नाव काढू नका.

सगुणामावशी तेव्हा बाळाला न्हाऊ घालायला आली होती. पंचक्रोशीतल्या निम्म्या पोरांची डोकी तिच्या तळहातांनी गोल केलेली. पाटावर पाय लांब करून, पायांवर माझी चिमणी घेऊन ती पाणी ओतायची आणि गायची, स्वतःचं स्वतःच जुळवून:

*ऊन पाणी घंगाळात, हात घालून पाहते*
*सोसंल तेवढीच ऊब, माझ्या लेकराला देते*

न्हाणं झालं. चिनीमातीचा गोळा गार पडला होता, म्हणून मी बाळाला पोलक्याच्या आत छातीशी घेतलं, वरून शाल. कोपऱ्यात शेगडी होती. घरात तेवढीच एक खोली उबदार. आणि मला माजघरात अण्णा दिसले. पेटीपुढे उकिडवे बसून, दोन्ही तळहात काचेला लावून. आतला पोपटी रंग गेला होता. दोघेही जावई वाळल्या पानासारखे तपकिरी दिसत होते.

"आई," मी म्हणाले, "ती पेटी इथं आण."

"बाळंतिणीच्या खोलीत बेडूक?" सगुणामावशीनं कपाळाला हात लावला. "काय गं बाई, असं कुठं असतं?"

"त्यांची ऊब माझ्या पोरीनं घेतलीय, मावशी. आण गं आई."

अण्णांनी मान वर केली. पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघितलं. पेटी उचलली. आईनं दुसरी बाजू धरली. उंबऱ्यापर्यंत आल्यावर अण्णांचे पाय थांबले. अर्धी पेटी आत, अर्धी बाहेर, आणि आई आतून ओरडतेय, "अहो, सोडा तरी नाहीतर या तरी! माझी कंबर जातेय!" शेवटी सगुणामावशीनं पुढे होऊन त्यांच्या हातातली बाजू घेतली.

"शेगडीपासून लांब," अण्णा बाहेरून सांगू लागले. "वरच्या जाळीवर अर्ध्या भागात ओलं फडकं. आणि आज धुरी नको. धूर त्यांच्या कातडीतून आत जातो."

"धुरी नको?" मावशी भडकली. "ओवा, शेपा, वावडिंग सगळं आणून ठेवलं मी! आता बाळंतिणीचं बेंडकांना विचारून करायचं का?"

"घर त्यांचंच आहे, सगुणाबाई," आई म्हणाली. "आपण भाडेकरू."

अण्णांनी पायात चपला सरकवल्या. "नाशिकला जातो. बॅटरीवर चालणारं काहीतरी मिळतं का बघतो." कुणासाठी, ते सांगितलं नाही. पाळण्यासाठी की पेटीसाठी.

दुपार झाली. आई मागच्या अंगणात दुपटी उन्हात घालायला गेली. मला शेगडीच्या उबेनं डोळा लागला. जाग आली ती मावशीच्या गाण्यानं. मला वाटलं बाळाला मालीश चाललीय. पण बाळ तर माझ्या छातीशी होतं.

मावशी पेटीपुढे मांडी घालून बसली होती. डाव्या तळहातावर धाकटे जावई उताणे, आणि उजव्या हाताचा अंगठा त्यांच्या पोटावरून हळुवार फिरतोय. शेजारी खोबरेल तेलाची वाटी. बेडूक असा चकाकत होता, जणू पाचवीला नटवलेलं बाळ.

"मावशी! काय केलंत?"

"काही नाही गं, अंग पार उललं होतं बिचाऱ्याचं. सुरकुतून गेलं होतं. पोराचं उललं तं आपण तेल लावतो ना? तसंच लावलं."

अण्णा कधीतरी आईला सांगत होते ते मी ऐकलं होतं. बेडूक तोंडानं पाणी पीत नाही. कातडीनं पितो, श्वासही थोडा कातडीनंच घेतो. आणि या बिचाऱ्याची कातडी मावशीनं मायेनं बंद करून टाकली होती. बेडकाचं तोंड किंचित उघडं होतं.

तेवढ्यात ओट्यावर चपलांचा आवाज आला.

"अण्णा!" मी ओरडले. किती दिवसांनी ती हाक माझ्या गळ्यातून निघाली, माझी मला अनोळखी वाटली. "अण्णा, धाकट्याला तेल लावलंय!"

ते आत आले. चपलांसकट. हातातलं खोकं बाजेवर टाकलं, मावशीच्या हातून बेडूक घेतला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाणी दे."

मी घंगाळाकडे वळले.

"ते नको! तांब्याच्या भांड्यातलं त्यांना चालत नाही. माठातलं घे. बाळाच्या टबात ओत."

मी बाळाला बाजेवर ठेवलं. माठातलं पाणी टबात ओतलं. बर्फ नुसतं. शेगडीवरच्या पातेल्यात थोडं ऊन करून त्यात मिसळलं.

"मनगटावर घेऊन बघ. गार नको, ऊनही लागायला नको."

"बाळासारखं?"

"बाळापेक्षा कमी. बाळाच्या पाण्यात हा शिजेल."

त्यांनी धाकट्याला पाण्यात धरलं. मी ओंजळीनं त्याच्या पाठीवर पाणी सोडत राहिले. तेलाचे डोळे वर तरंगू लागले, लहान, गोल, एकमेकांना जाऊन मिळणारे.

"साबण?"

"नाही, नाही. नुसतं पाणी. हे ओत आणि नवं घे."

मी ओतलं. नवं घेतलं. पुन्हा ओतलं. आमची डोकी टबावर इतकी जवळ आली होती की त्यांच्या अंगाला येणारा एसटीच्या धुरळ्याचा वास मला येत होता. सगुणामावशी भिंतीला टेकून उभी होती, पदर तोंडाला लावून.

"मारलं का मी त्याला?" ती हळूच म्हणाली.

अण्णांनी वर पाहिलं. मला वाटलं आता ते तिला फाडून खातील. पण ते म्हणाले, "नाही, सगुणाबाई. तुम्ही चांगलंच करायला गेलात." थोडं थांबून म्हणाले, "आधी तीन होते माझ्याकडे. एक मी मारला. पहिल्या थंडीत. मला वाटलं, नुसती ऊब दिली की झालं. चांगला मोठा दिवा लावला. ओल द्यायची राहिली. तो काचेला चिकटून वाळून गेला, आणि मी शेजारीच बसलो होतो."

इकडे बाजेवर माझ्या लेकीनं सूर लावला. आधी बारीक, मग अख्ख्या घराला ऐकू जाईल असा.

"तू जा, घे तिला," अण्णा म्हणाले.

"माझे हात गारठलेत, आणि तिच्या अंगाला न्हाण्याचं तेल आहे. तिला धरलं तर पुन्हा याला शिवता येणार नाही. आणि पाणी बदलायचंय."

पोर रडत होती. बेडूक त्यांच्या मुठीत गळून पडला होता. अण्णांनी एकदा टबाकडे पाहिलं, एकदा बाजेकडे.

"तुझा हात लहान आहे," ते म्हणाले. "नीट बसेल याच्यात. आधी धू, ओला ठेव. बोटं पोटाखाली. दाबू नकोस. हं, असा."

धाकटे जावई माझ्या ओल्या तळहातात आले. गार, मऊ, आत कुठेतरी टीचभर धडधड. अण्णांनी आपले हात धोतराला पुसले, खसाखसा, उलटसुलट, पुन्हा पुसले. मग शेगडीवर धरले. ऊब आली की नाही ते स्वतःच्या गालावर तपासलं. आणि वाकून माझ्या मुलीला उचललं.

ती रडायची थांबली नाही लगेच. गोष्टीत थांबतात तशी. चांगली रडली. अण्णा तिला घेऊन त्या एवढ्याशा खोलीत फेऱ्या मारू लागले. तिच्या मानेला हात लावून बघत होते, शाल थोडी सैल करत होते, पुन्हा ओढत होते. "तापली गं ही," ते मला म्हणाले. "छातीशी होती ना, वर शाल, शेजारी शेगडी. सगळीकडूनच ऊब. म्हणून रडतेय." त्यांनी शाल काढली. मग ती गप्प झाली.

दारात दुपट्यांचा ढीग घेऊन आई उभी होती. मी टबापाशी बेडूक धरून, अण्णा पोर धरून.

"अगं बाई," ती म्हणाली. "अदलाबदल झाली वाटतं!"

पण सगळी दुपटी तिच्या हातातून घसरली.

वीज संध्याकाळी आली. नाशिकहून आणलेल्या खोक्यात बॅटरी होती आणि चिनीमातीचा आणखी एक गोळा. तो पेटीवर लागला. पेटी मात्र माझ्याच खोलीत राहिली. तिला हलवायचं कुणी नाव काढलं नाही. अण्णा दर थोड्या वेळानं येत, पाण्याचा फवारा मारत, आणि जाताना पाळण्यात डोकावत. धाकटे जावई खाली काथ्यात बसून होते. खात नव्हते, चढत नव्हते. मी विचारलं, "वाचेल का?" तर म्हणाले, "माहीत नाही." एवढंच. पण मला ते माझ्याशी म्हणाले होते.

मग एका सकाळी, मी पोरीला पाजत होते, पेटीत काहीतरी वळवळलं. धाकट्यानं पाठ कमानीसारखी उचलली होती, पाय ताणत होता, जांभई दिल्यासारखं तोंड उघडत होता.

"अण्णा!" मला वाटलं, संपलं.

ते धावत आले. वाकून बघितलं आणि मांडी घालून खालीच बसले. "कात टाकतोय," ते म्हणाले. "जयू, बघ. हे रोज दिसत नाही."

पाठीवरून एक पातळ, दुधाळ पडदा सुटत होता. बेडूक तो तोंडानं ओढत होता, सदरा काढावा तसा डोक्यावरून. अण्णांनी ओल्या कापसानं तो पडदा हळूच अलग केला. "एरवी हे खाऊन टाकतात. पण यात तेल मुरलंय, पोटात जायला नको." कापसावर तो चिमूटभर तुकडा तुपट लागत होता. आणि त्याच्याखालून धाकटे जावई निघाले, ओलेगार, पोपटी. थोड्या वेळानं त्यांनी एक हात काचेवर टेकला. मग दुसरा. आणि चढू लागले.

सगुणामावशीला निरोप धाडला. ती धावत आली, पेटीपुढून तिनं बोटं मोडली. त्या दिवशी न्हाऊ घालताना नवं गाणं जुळवलं:

*थंडी आली बाई दारी, तिला म्हणा जा माघारी*
*माझ्या तान्हीला ऊब, आणि ओल काचेघरी*

लेकीचं वजन भरलं. डॉक्टरीणबाई हसल्या, आता बारसं करा म्हणाल्या. घरी आल्यावर आईनं तारखेचा विषय काढला आणि सगळे आपापल्या कामाला लागले. मी पण. बारशाला कोण लागतं ते सगळ्यांनाच ठाऊक होतं.

दोन दिवसांनी सकाळी अण्णा माझ्या खोलीत आले. इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी, हातात पिशवी.

"ऐक," ते बाजेवर बसत म्हणाले. "फवारा आत्ता मारलाय. पुन्हा ऊन कलल्यावर मार. नळी तेव्हाच बंद कर, विसरू नकोस. पाणी माठातलंच. थोरल्याला तीन नाकतोडे, धाकट्याला दोनच, अजून पोट हलकं आहे. काटा अठ्ठावीसवर राहू दे. आणि डब्याचं झाकण घट्ट लाव, मागच्या वेळी तुझ्या आईनं सगळी झुरळं सोडून दिली होती."

"नाशिकला निघालात? काही आणायचंय पेटीसाठी?"

"नाही." त्यांनी पिशवीचे बंद सारखे केले. "मनमाडला. कानात नाव सांगायला आत्या लागते. तिला काय फोनवर बोलावतात? घरी जाऊन बोलवावं लागतं."

ते उठले, पाळण्यापाशी थांबून पोरीच्या मानेला हात लावला, आणि दारापर्यंत गेले. तिथून वळले.

"दिगंबरला गोड आवडतं की तिखट?"

"तिखट," मी कशीबशी म्हणाले.

"मग स्टँडवरून शेव घेतो," अण्णा म्हणाले, आणि आईला हाका मारत बाहेर पडले, "अगं आवर लवकर, गाडी चुकेल! पहिल्यांदाच जातोय, उशिरा नको जायला!"